ऐली कांगास आणि बत्तीस फुटांची गाडी

रेनो कांगासनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, विकत आणली त्या दुपारी त्याची बायको ऐली घरातले पडदे धूत होती. बत्तीस फुटांचं ते धूड अंगणात मावेना, म्हणून निम्मं रस्त्यावरच उभं होतं. रेनोनं दोनदा हॉर्न वाजवला. ऐली ओल्या हातांनी दारात आली. तिनं गाडी पाहिली, नवऱ्याचा लहान पोरासारखा फुललेला चेहरा पाहिला, "बरी आहे" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पुन्हा पडदे पिळायला लागली. त्या दिवशी ते पडदे तिनं गरजेपेक्षा फार जास्त वेळ पिळले.

मिशिगनच्या या उत्तरेकडच्या भागात माणूस एक तर खाणीत जातो नाही तर जंगलात. रेनो खाणीत गेला. लोखंडाच्या उघड्या खाणीत त्यानं चौतीस वर्षं ट्रक चालवले, ज्यांचं एकेक चाक एकावर एक दोन माणसं उभी करावीत एवढं उंच. खड्ड्यात उतरायचं, भरून वर यायचं, रिकामं करून पुन्हा उतरायचं. निवृत्त झालो की नाकासमोर गाडी हाकायची, वळायचंच नाही, असं तो म्हणायचा. लोकांना ती थट्टा वाटायची. ऐली तेवढीच वर्षं, थोडी कमी, इश्पेमिंगच्या पोस्टात खिडकीमागे बसली. तिला देशातल्या निम्म्या गावांचे पिनकोड तोंडपाठ होते आणि त्यांतली चार गावंही तिनं पाहिली नव्हती. पण तिला ती पाहायचीही नव्हती, असं तिचं तिलाच वाटायचं. तिला हवी होती सकाळच्या उन्हाची स्वयंपाकघरातली खिडकी, तळघरातल्या बरण्या आणि फाटकाजवळचे पिओनीचे ताटवे.

एका उन्हाळ्यात घर विकलं गेलं. ती नाही म्हणाली नाही. चौतीस वर्षं खड्ड्यात घालवलेल्या माणसाला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि त्यानंही नीट विचारलं नाही, कारण उत्तराची त्याला धास्ती होती. फिनलंडहून इथे येऊन वसलेल्या आम्हा फिन लोकांचं हे असंच. फिन माणसाच्या तोंडून लागोपाठ दोन वाक्यं काढायची असतील तर त्याला सौनात, म्हणजे लाकडी न्हाणीघरात, बसवून वाफ सोडावी लागते.

तेव्हापासून त्यांचं वर्ष दोन तुकड्यांत वाटलं गेलं. पंधरा मेपासून सप्टेंबर संपेपर्यंत लेक सुपीरियर सरोवराच्या काठावर, हेमलॉक पॉइंट या मोटरहोमांच्या पार्कात, सतरा नंबरच्या जागेवर. पाणी गोठायच्या आत पार्कातले नळ बंद होत. मग गाडी दक्षिणेला निघायची ती थेट टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंत, आणि वसंतात परत. बेचाळीस जागांचं पार्क. सगळे एका वयाचे, एकाच प्रकारे गुडघे धरून उठणारे. शुक्रवारी तळलेला मासा, रविवारी प्रत्येकानं आपापलं भांडं घेऊन यायचं, आणि सौना पुरुषांनी मिळून बांधलेला, त्यातला निम्मा रेनोनं.

पहिली तीन वर्षं ऐलीनं चमचे खोक्यातच ठेवले. खण रिकामा असताना खोक्यातून चमचा काढायची आणि धुऊन खोक्यातच ठेवायची. रेनो बघायचा, बोलायचा नाही. चौथ्या वर्षी कधीतरी चमचे खणात गेले. पाचव्या वर्षी तिनं दाराशी बादलीत चिव, म्हणजे बारीक कांद्याची पात, लावली, आणि टेक्सासात फेब्रुवारी उजाडला की ती मनात दिवस मोजायला लागली, की सरोवर केव्हा दिसेल. शेजारच्या अठरा नंबरवर बर्नाडेट लाफेव्ह राहायची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली विधवा, आवाज कर्ण्यासारखा. दोघी रोज सकाळी कॉफी घेत सरोवराकडे तोंड करून बसत. आयुष्यात पहिल्यांदा ऐलीला मैत्रीण मिळाली होती.

हे सगळं रेनोला मात्र ठाऊक नव्हतं. कारण तिनं कधी सांगितलं नाही. एकदा नाराजी धरली की ती सोडायलाही काहीतरी निमित्त लागतं, आणि तसं निमित्त आलंच नाही.

दहाव्या वर्षी एक नवीन गोष्ट सुरू झाली. गाडी चालवता चालवता रेनो विचारायला लागला, "पाटीवर काय लिहिलंय?" ऐली वाचून दाखवायची. पोस्टातली सवय, आवाज स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. अमुक गाव, अकरा मैल. पुढं उजवीकडे वळण. मग तिचं तिलाच सुचायला लागलं. या गावाचा पिनकोड तिला आठवायचा, आणि पिनकोडाच्या मागून त्या गावाला कोण काय पाठवायचं ते आठवायचं. इथे त्या लेहटोनेनच्या मुलीनं पळून जाऊन लग्न केलं होतं, तिची आई दर महिन्याला पाकीट पाठवायची आणि बापाला सांगू नका म्हणायची. रेनो ऐकायचा, मध्येच हुंकार द्यायचा. मिसूरीपासून आर्कान्सापर्यंत ती बोलत राहायची. पन्नास वर्षांच्या संसारात ती इतकी कधी बोलली नव्हती. तिला वाटलं, म्हातारपणी का होईना, या माणसाला माझं ऐकावंसं वाटतंय. सकाळी गाडी सुरू व्हायच्या आधी ती नकाशावर आजची गावं पाहून ठेवायला लागली, बोलायला विषय असावा म्हणून.

बाराव्या वर्षीच्या मे महिन्यात परत येताना रेनो पार्काचं फाटक सोडून पुढे निघून गेला. ऐली म्हणाली, "अरे, आलं की." तो थांबला, मागे घेतली. मग सतरा नंबरवर गाडी मागे लावताना त्यानं बर्नाडेटचा पक्ष्यांच्या दाण्याचा खांब आडवा केला. अकरा वर्षं तो एका झटक्यात गाडी लावायचा, लोक कॉफीचे कप घेऊन बघायला उभे राहायचे. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. बर्नाडेटसुद्धा नाही, आणि बर्नाडेट गप्प राहिली म्हणजे काहीतरी होतं.

तिसऱ्या दिवशी कॉफी घेताना तिनं विषय काढला.

"ऐली, तुझ्या नवऱ्याला दिसत नाहीये."

"चष्मा जुना झालाय त्याचा."

"चष्म्याचं नाही गं. एकतीस वर्षं मी आरशात बघून पोरं सांभाळली. कुणाचा डोळा कुठे बघतोय ते मला कळतं. रेनो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो. मधलं काही दिसत नाही त्याला, कडेकडेचं दिसतं."

ऐली गाडीत आली. रेनो टेबलाशी बसला होता. तिनं फळीवरचा डबा काढून त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, यावर काय लिहिलंय.

"कॉफी," रेनो म्हणाला.

"हा पिठाचा डबा आहे."

ऐलीनं डबा टेबलावर ठेवला. मग रेनोनं सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. टेक्सासात एका डॉक्टरला दाखवलंही होतं, ऐली केस कापायला गेली होती तेव्हा. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी करडा डाग दिसतो. रस्ता दिसतो, रंग दिसतात, पुढच्या गाडीची हालचाल दिसते. पाटी दिसत नाही.

ऐलीच्या डोळ्यांसमोरून सतराशे मैल गेले. ट्रक, पूल, पावसातले हमरस्ते. ती म्हणाली, आपण मेलो असतो ते सोड, दुसऱ्या कुणाला मारलं असतंस म्हणजे. कुणाच्या तरी लेकराला. रेनोनं मान खाली घातली. मला ठाऊक आहे, म्हणाला. रोज रात्री ठरवायचो की उद्या सांगीन.

पण ऐलीचा राग तिथे संपला नाही. खरी जागा वेगळीच होती, आणि तिथे पोचल्यावर तिचा आवाज फाटला.

"आणि मला वाटलं, तुला माझं ऐकायला आवडतं."

रेनोनं डोकं वर केलं आणि तिच्या कानाच्या बाजूला बघितलं. आता तिला कळलं की तो तिलाच बघायचा प्रयत्न करतोय.

"पहिल्या वर्षी गरज म्हणून विचारलं," तो हळू म्हणाला. "नंतर ज्या पाट्या मला दिसायच्या ना, मोठ्या, त्याही विचारायला लागलो."

मग त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातावर ठेवायला गेला. पहिल्यांदा त्या टेबलावरच पडल्या. दुसऱ्यांदा तिनं हात पुढे केला.

मार्केट नावाच्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तेच सांगितलं, नीट, चित्र काढून. मधला भाग गेला तो परत यायचा नाही. कडा आणखी काही वर्षं टिकतील, मग त्याही जातील. गाडी चालवणं आजपासून बंद. पार्कातच ठेवलेली त्यांची जुनी छोटी गाडी चालवत ऐली त्याला घरी घेऊन आली. वाटेत एकही पाटी त्यानं विचारली नाही आणि एकही तिनं वाचली नाही.

जुलैत मिल्वॉकीहून त्यांची मुलगी कारिन आली. ती इस्पितळात हिशेबनीस, कामाला वाघ. दोन दिवसांत तिनं सगळं मार्गी लावलं. तिच्या घराजवळ तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा बघितली, भिंतीला धरायचे कठडे बसवायचं ठरवलं, गाडीचे फोटो काढून जाहिरात टाकली. रेनो प्रत्येक गोष्टीला हो म्हणाला. ऐलीही हो म्हणाली. कारिन निघताना आईला मिठी मारून म्हणाली की आई, अखेर तुला घर मिळणार. ऐलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. खरं तर तिला ते घर नको होतं, पण मुलगी इतकी धावपळ करत होती की ते सांगायला जागाच नव्हती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीन बेहून एक जोडपं गाडी बघायला आलं. पन्नाशीचे, भले लोक. बाई कपाटं उघडून बघत होती, नवरा खाली वाकून टायर. ऐलीनं कॉफी टाकली. जाळीच्या दारातून तिला बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. गाडी इतकी चांगली ठेवलीत, मग विकता कशाला, असं त्या माणसानं विचारलं. रेनो आता डोळ्यांचं सांगेल असं तिला वाटलं.

तो म्हणाला, "बायकोसाठी. तिला ही कधी आवडलीच नाही. माझ्यासाठी बारा वर्षं काढली तिनं. आता मला चालवता येत नाही, तर तिला तिची खिडकी मिळू दे."

ऐलीच्या हातातला कॉफीचा चमचा तसाच राहिला. बारा वर्षं हा माणूस हे मनात धरून गाडी चालवत होता. प्रत्येक मैलाला त्याला वाटत होतं की आपण हिला ओढून नेतोय. आणि ती शेजारी बसून फेब्रुवारीपासून दिवस मोजत होती. त्यानं डोळ्यांचं लपवलं म्हणून तिनं पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं. तिनं लपवलं होतं त्याचं काय?

ती बाहेर आली. दोघा पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, कॉफी दिली, वेलदोड्याचा गोड पाव कापून दिला. मग म्हणाली, "तुम्ही लांबून आलात, पोटभर खाऊन जा. गाडी विकायची नाही."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं रेनोकडे पाहिलं. रेनो सरोवराच्या दिशेनं बघत होता.

"ऐली," तो म्हणाला, "चालवणार कोण?"

"चालवायचं माझं मी बघते. तू फक्त एक ऐक. मला आवडते ती. सातआठ वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं."

ग्रीन बेचा तो माणूस पावाचा तुकडा तोंडात तसाच धरून बसला होता. कुणाच्या घरातलं इतकं खासगी बोलणं आपण ऐकायला नको होतं असं त्याला वाटलं असावं. रेनोनं चाचपडत तिचं मनगट धरलं आणि पाहुणे जाईपर्यंत सोडलं नाही.

त्या संध्याकाळी कारिनला फोन गेला. तिकडून बराच आरडाओरडा झाला, बराचसा काळजीपोटी. आई, तू त्र्याहत्तर वर्षांची आहेस, असं तिनं तीनदा सांगितलं. ऐली म्हणाली, मला माहीत आहे, त्या सगळ्या वर्षांना मी हजर होते.

बर्नाडेटनं शिकवायचं कबूल केलं, पण एका अटीवर. रेनोनं गाडीत बसायचं नाही. नवऱ्याकडून गाडी शिकणारी बाई एक तर गाडी ठोकते नाही तर नवऱ्याला, असं तिचं म्हणणं. उन्हाळ्यात ओस पडलेल्या बर्फघसरणीच्या टेकडीखाली मोठं मोकळं मैदान होतं. रोज सकाळी सहाला दोघी तिथे जात. पहिल्या दिवशी ऐली चाकामागे बसायला निघाली. बर्नाडेटनं तिला तासभर गाडी चालवूच दिली नाही. नुसतं फिरून यायला लावलं, गाडीभोवती, पायी, सात वेळा.

"किती लांब आहे ते पायांना कळू दे आधी," ती म्हणाली. "आणि हे डोक्यात पक्कं कर. मागची चाकं तुझ्या मागून येत नाहीत. ती आपली मधली वाट काढतात, आळशी पोरांसारखी. म्हणून वळताना आधी पुढे जायचं. तुला वाटेल फार पुढे गेलो. आणखी थोडं जायचं. मग वळायचं."

दुसऱ्या आठवड्यात ऐली रबरी शंकूंच्या मधून गाडी काढायला लागली. तिसऱ्यात खऱ्या रस्त्यावर. ती परतायची तेव्हा रेनो फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. इंजिनाच्या आवाजावरून तिनं कुठे घाई केली ते त्याला कळायचं, पण बर्नाडेटची अट आठवून तो गप्प. फक्त एकदा म्हणाला, चढावर आज छान घेतलीस.

सगळ्यात अवघड म्हणजे गाडी मागे घेऊन आपल्या जागेवर लावणं. पार्कात ही एक करमणूकच असते. नवीन माणूस गाडी लावायला लागला की चारी बाजूंनी खुर्च्या निघतात. ऐलीच्या दिवशी बेचाळीसच्या बेचाळीस जागा रिकाम्या झाल्या. बर्नाडेट मागे उभी राहून हात दाखवत होती. ऐली आरशात बघत, थांबत, पुन्हा पुढे घेत होती. पाचव्या प्रयत्नात गाडी सरळ आत चालली, आणि शेवटच्या दोन फुटांत काहीतरी कडकन मोडलं.

"काय गेलं?" रेनोनं विचारलं.

"तुझे टोमॅटो," ऐली खिडकीतून म्हणाली. "बादलीसकट."

"टेबल नाही ना? मग चांगलं झालं."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. ऐलीही. ती खाली उतरली तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती. चौदा नंबरचा निवृत्त पाद्री तिच्यासाठी स्वतःच्या वेलीवरचे टोमॅटो घेऊन आला, म्हणाला, हे पुढच्या वेळेसाठी.

सप्टेंबरअखेर नळ बंद झाले. दर वर्षी रेनो नकाशा उघडायचा आणि ऐली जेवणाचं सामान भरायची. या वर्षी रेनोनं विचारलं, कुठे जायचं? ऐलीला हा प्रश्न बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि तिला विचार करावा लागला नाही.

"लूबेक. मेन राज्यात. शून्य चार सहा पाच दोन."

त्या गावाची गोष्ट तिनं त्याला त्या वेळी सांगितली. इश्पेमिंगला हिल्या निएमी नावाची म्हातारी होती. तिचा भाऊ आर्वो तरुणपणी घरातून भांडून गेला तो पार पूर्वेच्या टोकाला, माशांना धुरी द्यायच्या कारखान्यात. दर डिसेंबरात हिल्या त्याला वेलदोड्याचा पाव पार्सलनं पाठवायची. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसता पाव. अख्खं पोस्ट घमघमायचं. एकोणीस वर्षं ऐलीनं त्या पार्सलवर शिक्का मारला. विसाव्या वर्षी पार्सल परत आलं, घेणारा हयात नाही म्हणून. ते खिडकीतून हिल्याच्या हातात द्यायचं काम ऐलीच्याच वाट्याला आलं. हिल्या म्हणाली होती, भाऊ खात होता की नाही कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी मॅकिनॉचा पूल आला. पाच मैलांचा, दोन सरोवरांच्या मधोमध, इतका उंच की खालून जहाजं जातात. त्या दिवशी वारा होता. फाटकावरच्या माणसानं सांगितलं की ताशी वीस मैलांच्या वर जाऊ नका, आणि भीती वाटत असेल तर आमचा माणूस गाडी पलीकडे नेऊन देईल. पुष्कळ लोक घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ऐलीनं रेनोकडे बघितलं. रेनो म्हणाला, चाक तुझ्या हातात आहे, तू सांगशील ते.

ती निघाली. निघताना ती बोलत होती. पहिल्या मनोऱ्याच्या आधीच तिचा आवाज बंद पडला. वारा गाडीच्या कुशीला धक्के देत होता. तिची बोटं चाकावर पांढरी पडली होती. ते रेनोला दिसलं नाही, पण शांतता त्याला ऐकू आली. मग तो बोलायला लागला; हा पूल त्यानं तरुणपणी कितीतरी वेळा ओलांडला होता.

"डावीकडे घरघर येतेय ना, ती लोखंडी जाळी. तिकडच्या गाड्यांचा आवाज आहे तो. तू उजवीकडच्या डांबरावर आहेस, तिथेच राहा. आता चढ जाणवेल. हा पहिला मनोरा, इथे वारा एक क्षण थांबतो, आणि मनोरा गेला की पुन्हा मारतो. मारला? हां. आता मधोमध. इथे खाली जहाज असतं कधीकधी."

"मी खाली बघत नाहीये," ऐली दातांतून म्हणाली.

"मग मीही बघत नाही."

तिला हसू फुटलं, आणि हसू फुटल्यावर खांदे खाली आले. पुढचे अडीच मैल तो आठवणीतून रस्ता सांगत राहिला आणि ती त्या आवाजावर गाडी नेत राहिली. पलीकडे पोचल्यावर पहिल्या मोकळ्या जागेत तिनं गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडं रडली. रेनोनं तिला रडू दिलं. मग उठून, चाचपडत, त्यानं कॉफी केली. पीठ न घालता, असं त्यानंच सांगितलं.

लूबेकला पोचले तेव्हा धुकं इतकं होतं की समुद्र नुसता वासानं कळत होता. पोस्ट एका खोलीचं. ऐलीनं बर्नाडेटला पाठवायला एक पोस्टकार्ड घेतलं आणि इश्पेमिंगहून आल्याचं सांगून खिडकीमागच्या माणसाला विचारलं. तो निवृत्तीला आलेला, दाढी पिकलेली. आर्वो निएमी हे नाव ऐकून त्यानं चष्मा काढला.

"तो पाव तुमच्याकडून यायचा?"

"माझ्याकडून नाही. मी शिक्का मारायची."

त्यानं सांगितलं की आर्वो पार्सल घरी नेतच नसे. इथेच, या खिडकीशी, खिशातला मासे कापायचा सुरा काढून खोकं उघडायचा आणि पोस्टात असेल त्या प्रत्येकाला एकेक काप द्यायचा. मी नवीन लागलो होतो, मलाही द्यायचा. बहिणीचा आहे, एवढंच म्हणायचा. शेवटचा काप स्वतः उभ्या उभ्या खायचा, आणि मग त्या रिकाम्या खोक्याची दोरी गुंडाळून खिशात ठेवायचा.

ऐली गाडीत परत आली. हिल्या जाऊन आता खूप वर्षं झाली होती, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिनं रेनोला सांगितलं, सगळं, दोरीसकट. रेनो म्हणाला की हे कारिनला सांग फोनवर. तिला उगाच वाटतं आपण फिरायला आलोय.

कारिन पुढच्या जूनमध्ये पार्कात आली आणि आईच्या शेजारी बसून गावातल्या दुकानापर्यंत जाऊन आली. पूर्ण वाट दाराची मूठ धरून. उतरल्यावर म्हणाली, आई, तू बाबांपेक्षा बरी चालवतेस. बाबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर त्यांनी आणखी पाच हिवाळे काढले. ऐली ठरवायची ती गावं. काही सुंदर निघाली, बरीचशी नुसती गावं निघाली, तीही तिला आवडली. हेमलॉक पॉइंटवर एक बदल मात्र झाला. तीन बायका बर्नाडेटकडे शिकायला लागल्या, नवऱ्यांची प्रकृती ठणठणीत असताना. सकाळी सहाला टेकडीखालच्या मैदानात आता रांग लागते. ऐली शंकू मांडते.

रेनोला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सौनाची चूल तोच पेटवतो, हातानं.

या मे महिन्यात ऐलीच्या कंबरेनं कुरकुर सुरू केली आणि तिनं बत्तीस फुटी गाडी विकून चोवीस फुटी घेतली. या वेळी गाडी तिनं निवडली, ती चालवत आणली, आणि सतरा नंबरवर एका दमात लावली. रेनो एकटाच आत गेला. दुपारभर तो आत होता. ऐली बर्नाडेटबरोबर बाहेर कॉफी घेत बसली होती आणि आतून खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. तो एकेक कपाट, एकेक कोपरा, दिव्याचं एकेक बटण हातांनी शिकत होता. मध्येच डोकं आपटल्याचाही आवाज आला. ऐली उठायला लागली तर बर्नाडेटनं तिचा दंड धरून खाली बसवलं.

उन्हं उतरल्यावर तो दारात आला.

"बिछाना आखूड आहे," म्हणाला.

"आखूड नाही," ऐली म्हणाली. "तू तिरका झोपतोस."

त्यानं थोडा विचार केला. मग पायऱ्या मोजत खाली उतरला, तिच्या खुर्चीपर्यंत आला आणि कपात कॉफी उरलीय का विचारलं.